थरच्या वाळवंटातले शिकारी काय खातात आणि काय निवडतात: अभ्यासाची पायरी-पायरीने रीत

खोकडाच्या विष्ठेत उंदराचे दात सापडले की ‘खोकडाला उंदीर आवडतो’ असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. वाक्य सोपं आहे, पण पुराव्यात बसत नाही. विष्ठा सांगते की हे पोटात गेलं आणि पचलं नाही. आवड किंवा निवड कळायला दुसरी बाजू लागते: त्या दिवसांत त्या माळावर आणखी काय काय होतं आणि त्यातलं त्याने काय सोडलं. ही दुसरी बाजू मोजायचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून ते बहुतेक वेळा राहून जातं. पुढची रीत दोन्ही बाजू मोजण्याची आहे. उदाहरणं राजस्थानातल्या थरची घेतली आहेत. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि नेटाने नोंदी ठेवणारे हौशी अभ्यासक, दोघांनाही ती झेपेल.

पायरी १: एक शिकारी, एक जागा, एक ऋतू

थरमध्ये मांसाहारी प्राण्यांची गर्दी आहे. शेपटीचं टोक पांढरं असलेलं वाळवंटी खोकड, काळ्या टोकाचं आपल्याकडचं खोकड, कोल्हा, लांडगा, ठिपक्यांचं वाळवंटी मांजर, तरस, क्वचित कॅराकल हे मोठं रानमांजर. शिवाय घोरपड, गरुड, ससाणे आणि घुबडं. सगळ्यांचा आहार एकदम अभ्यासायला निघालात तर हाती कुणाचाच धड लागत नाही. पहिल्या वर्षी वाळवंटी खोकड घ्या. त्याच्या विष्ठा भरपूर मिळतात, आणि खाण्यात उंदीर, किडे, फळं, पक्षी, मेलेली जनावरं असं सगळं असल्यामुळे पद्धतीचा कसही लागतो.

वाळवंटात पानावर काय येतं ते ऋतू ठरवतो. पावसानंतरचे काही आठवडे भुंगे, नाकतोडे, वाळवी यांची रेलचेल असते. थंडीत रानबोरं पिकतात आणि सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) बिळात खोल जाऊन झोपतो, त्यामुळे जानेवारीच्या विष्ठेत सांडा नसणं ही नावड नव्हे, गैरहजेरी आहे. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न येतो. ताज्या मांसात साधारण दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं आणि वाळवंटातले बरेच शिकारी आपली गरज बऱ्याच अंशी भक्ष्यातूनच भागवतात. तेव्हा ‘किती मांस मिळालं’ इतकाच ‘किती ओल मिळाली’ हाही प्रश्न असू शकतो. म्हणून हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. वर्षभराचं सगळं एकत्र कालवून काढलेली सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही.

पायरी २: परवानगी आणि हातमोजे

जैसलमेर-बाडमेरमधलं ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क नावाने राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने अभयारण्य आहे. तिथे अभ्यासासाठी शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. सीमेलगतच्या पट्ट्यासाठी प्रशासनाची वेगळी परवानगी असते. अर्ज महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या मार्फत करा आणि त्यात विष्ठा, केस, हाडं गोळा करणार असल्याचं स्पष्ट लिहा. अभयारण्याबाहेर गावांची ओरणं आहेत. देवाच्या नावाने राखलेली ही रानं आपल्या देवरायांच्या नात्यातली. तिथे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय काहीही उचलू नका.

आता आरोग्याचं. कुत्रा, कोल्हा, खोकड, लांडगा यांच्या विष्ठेत एकायनोकोकस या पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. हातमोजे आणि मास्क सक्तीचे. सुकी विष्ठा हाताने चुरायची नाही, नाकाजवळ न्यायची नाही. घरच्या फ्रिजरने ही अंडी मरत नाहीत, त्यामुळे नमुना बर्फात ठेवला की निर्धोक झाला असं समजू नका. प्रयोगशाळेच्या भट्टीत उष्णता देऊन सुकवणं हा खात्रीचा मार्ग. आणि घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पायरी ३: विष्ठा शोधा आणि ती कोणाची ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

ठरलेल्या वाटा आखा: गाडीरस्ते, कुंपणाच्या कडा, शमीच्या झाडांखालच्या पायवाटा, धोऱ्यांच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या, पायथ्याच्या रेषा. पहिल्या फेरीत जुन्या विष्ठा उचलून वाट मोकळी करा, पण त्या विश्लेषणात घेऊ नका. कोरड्या हवेत विष्ठा महिनोन्महिने टिकते आणि मार्चमध्ये उचललेला नमुना डिसेंबरचा असू शकतो. वाट एकदा साफ केली की पुढच्या फेरीत मिळालेला प्रत्येक नमुना त्या मधल्या काळातला. पावसाळ्यात उलट अडचण येते, शेणकिडे काही तासांत नमुना पोखरतात. तेव्हा फेऱ्या जवळजवळ ठेवा.

विष्ठा ही या प्राण्यांची हद्दीची खूणही असते. वाट साफ झाल्यानंतर प्रत्येक ठिकाणी सगळा ऐवज नेऊ नका. थोडा भाग जागेवर ठेवा आणि त्याच्याभोवती खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी तो दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही.

खोकड बहुतेकदा उंचवट्यावर, दगडावर, गवताच्या ठोंब्यावर विष्ठा टाकतं. तिची टोकं निमुळती आणि आत बोराच्या बिया, किड्यांच्या पंखांचे तुकडे. मांजराची विष्ठा गाठीगाठींची, घट्ट, आणि तिच्यात फळांच्या बिया जवळपास नसतात. तरसाची गोल आणि वाळल्यावर खडूसारखी पांढरी पडते, कारण हाडांतला चुना. शिवाय ती एका जागी ढिगाने सापडते. घोरपडीच्या किंवा पक्ष्याच्या विष्ठेला युरिक आम्लाचा पांढरा भाग चिकटलेला असतो.

पण जाडी मोजून जात ठरवणं विसरा. खोकड आणि मांजर, कोल्हा आणि लहान कुत्रा यांच्या मापांत मोठी सरमिसळ आहे. त्यातही थरमधल्या मोकाट कुत्र्यांनी अभ्यासकांचा फार घोटाळा केला आहे. ढाण्यांजवळ (रानातल्या छोट्या वस्त्यांजवळ), मेलेली गुरं टाकायच्या जागी, रस्त्याकडेच्या धाब्यांमागे कुत्र्यांची संख्या मोठी असते आणि त्यांची विष्ठा कोल्ह्याची म्हणून सहज खपते. आत बाजरीच्या भाकरीचा लगदा, प्लास्टिक, कागद दिसला तर आधी कुत्र्याचा संशय घ्या.

जोडीला तीन पुरावे ठेवा. पहिला, वाळूतले ठसे. सकाळी लवकर निघा. वारा सुटला की दुपारपर्यंत माग पुसला जातो. आदल्या संध्याकाळी फांदी ओढून वाटेचा तुकडा सपाट करून ठेवला तर रात्री कोण गेलं ते स्वच्छ उमटतं. मांजराच्या ठशात नखं दिसत नाहीत, श्वानकुळातल्यांच्या दिसतात. गावात माग काढणारा जाणता माणूस असेल तर त्याला रोजगार देऊन सोबत घ्या, निम्मी पुस्तकं चाळायचे तुमचे कष्ट वाचतील. दुसरा पुरावा, विष्ठेत सापडणारे शिकाऱ्याचेच केस. अंग चाटताना ते पोटात जातात आणि मांजरांत हे विशेष दिसतं. तिसरा, डीएनए. परवडत असेल तर निदान काही नमुन्यांची तपासणी करून आपली डोळ्यांची ओळख किती चुकते ते पाहा. ज्याची खात्री नाही तो नमुना ‘अनोळखी’ या रकान्यात टाका. नमुने कमी भरले तरी चालेल, भेसळ नको.

पायरी ४: नोंद

कागदी पाकीट वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, वाटेचा क्रमांक, जीपीएस, अधिवास (सेवण गवताचा माळ, धोरा, खडकाळ जमीन, शेत), जवळची ढाणी किती अंतरावर, ओळखीची खात्री किती. सोबत मोजपट्टी ठेवून फोटो. एवढं पुरे.

पायरी ५: धुणं

भट्टीत सुकवलेला नमुना जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधा, क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला आत टाका आणि साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी चोळून, भरपूर पाण्याने धुतलं की माती आणि लगदा निघून जातो. जे उरतं ते एक मिलिमीटरच्या आणि त्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर घ्या. वाळवीची डोकी, लहान उंदरांचे दात बारीक चाळणीतच सापडतात. ती वगळली तर ते आहारातूनच नाहीसे होतात. वाळल्यावर पांढऱ्या थाळीत पसरून चिमट्याने ढीग करा: केस, हाडं आणि दात, पिसं, खवले, किड्यांची कवचं, बिया, इतर.

पायरी ६: ओळख पटवा

दात सापडला तर अर्धं काम झालं. जर्बिलांच्या (वाळवंटातल्या रानउंदरांच्या) वरच्या पुढच्या दातांवर उभी खोबण असते; घरातल्या उंदराच्या दातावर नसते. जबडे मोजताना एकाच बाजूचे मोजा: डावे खालचे जबडे तीन, तर निदान तीन उंदीर. सांड्याची शेपटी काटेरी खवल्यांच्या कड्यांची असते आणि ते खवले पचत नाहीत. विंचवाचे तुकडे अंधारात अतिनील टॉर्चखाली हिरवट-निळे चमकतात. चमकणारी प्रत्येक वस्तू विंचू नसते, पण शोधाला सुरुवात करायला ही युक्ती झकास आहे.

दात नसतील तर केस. प्रत्येक नमुन्यातून आंधळेपणाने वीसेक केस उचला. आपल्याला आवडलेले, लांब, ठसठशीत केस निवडत बसलात तर मोठे प्राणी जास्त भरतात. केस काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशच्या पातळ थरात दाबून काढला की वरच्या खवल्यांचा ठसा उमटतो. दुसरा केस झायलीन या द्रावकात निवळून सूक्ष्मदर्शकाखाली आतला गाभा पाहा. सशाच्या केसात गाभ्याचे कप्पे मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखे समांतर रांगांत बसलेले दिसतात. चिंकाऱ्याच्या केसात गाभा जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो.

मेंढीच्या बाबतीत जपा. पुस्तकात ‘लोकरीला गाभा नसतो’ असं लिहिलेलं असतं, ते मऊ लोकरीबद्दल खरं आहे. थरमधल्या मेंढ्यांची लोकर गालिच्याची, जाडीभरडी, आणि तिच्यातल्या पुष्कळ तंतूंना गाभा असतो. परक्या पुस्तकातल्या चित्रावर विसंबलात तर मेंढी ओळखायची राहील आणि लांडग्याच्या खात्यावर दुसराच प्राणी चढेल. त्यामुळे नमुना केसांचा संग्रह तिथलाच करा. मेंढी, बकरी, उंट, गाय यांचे केस राईका-रबारी पशुपालक आनंदाने देतात. वन्य प्राण्यांचे केस मात्र वनखात्याकडून किंवा संग्रहालयातल्या नमुन्यांतूनच मिळवा. रस्त्यावर मेलेला चिंकारा दिसला म्हणून स्वतः हात लावू नका, तोही गुन्हा ठरू शकतो. एकाच प्राण्याच्या पाठीचे, पोटाचे आणि शेपटीचे केस वेगळे दिसतात, तेव्हा संग्रहात तिन्ही ठेवा.

मग स्वतःची परीक्षा घ्या. मित्राला वीस-तीस ओळखीचे केस क्रमांक घालून द्यायला सांगा आणि न बघता ओळखा. इथे जितके चुकाल तितकी तुमच्या सगळ्या तक्त्यांतली चूक.

पायरी ७: आकडे मांडा

समजा हिवाळ्यातले खोकडाचे ८० नमुने आहेत. ५६ मध्ये किडे, ४८ मध्ये जर्बिल, ४० मध्ये बोरं, ८ मध्ये पक्षी, ८ मध्ये मेंढी-बकरीचे केस. नमुन्यांच्या हिशेबाने टक्केवारी ७०, ६०, ५०, १०, १०. बेरीज २०० येते, कारण एका नमुन्यात अनेक गोष्टी असतात. ती चूक नव्हे. एकूण १६० नोंदींच्या हिशेबाने टक्के होतात ३५, ३०, २५, ५, ५. दोन्ही तक्ते द्या आणि कुठला कुठला ते लिहा. दोन अभ्यासांतले आकडे जुळत नाहीत म्हणून वाद होतात, त्यातले बरेचसे या एकाच घोटाळ्यातून निघतात.

या तक्त्यात किडे पहिले आले म्हणून खोकड मुख्यतः किड्यांवर जगतं असं म्हणता येणार नाही. भुंग्याचे दोन पंख आणि एक आख्खा जर्बिल इथे सारखेच एक-एक मोजले गेले आहेत. खरं पोट कशाने भरलं ते पाहायला वजनाचा हिशेब लागतो, आणि तो बंदिस्त प्राण्यांना मोजून खाऊ घालून केलेल्या प्रयोगांवर उभा असतो. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांसाठी १९७८ साली मांडलेलं सूत्र असं: एका विष्ठेमागे खाल्लेलं मांस (किलो) = ०.३८ + ०.०२० × भक्ष्याचं वजन. वीस किलोच्या चिंकाऱ्याला ते लावलं तर एका विष्ठेमागे ०.७८ किलो, म्हणजे एका जनावराच्या जवळपास २६ विष्ठा. दोन किलोच्या सशाला लावलं तर ०.४२ किलो, सुमारे पाच विष्ठा. किलोच्या हिशेबाने ससा विष्ठेत चिंकाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट ठळक दिसतो. लहान भक्ष्यात मांसाच्या मानाने केस आणि हाडं जास्त, हे त्यामागचं कारण. भारतीय लांडग्यांवर जेठवा आणि झाला या संशोधकांनी असे प्रयोग स्वतंत्रपणे केले आहेत. लांडग्याचं काम करत असाल तर त्यांचं सूत्र वापरा. आणि लांडग्याचं सूत्र खोकडाला लावू नका.

नमुने किती पुरे? दर दहा नमुन्यांनंतर नवे भक्ष्यप्रकार किती वाढले त्याचा आलेख काढत जा. रेघ आडवी झाली की त्या ऋतूपुरतं थांबा.

पायरी ८: माळावर काय होतं ते मोजा

इथवर जे झालं त्याला आहार म्हणतात. निवड इथून सुरू होते.

उंदरांसाठी सोपी, स्वस्त रीत आहे: ठरावीक चौकोनातली सगळी बिळं संध्याकाळी मातीने बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी किती उघडली ते मोजायचं. शेतीच्या कामासाठी ही रीत जुनीच आहे. पण बीळ म्हणजे उंदीर नव्हे. वाळवंटी जर्बिल वसाहतीने राहतो, एका वसाहतीला कितीतरी तोंडं असतात. शिवाय तो दिवसा हिंडतो, तर त्याचा मोठा भाऊबंद भारतीय जर्बिल रात्री. सकाळी लवकर आणि मावळतीला अशी दोनदा मोजणी केली तर कुठलं बीळ दिवसपाळीचं आणि कुठलं रातपाळीचं याचा अंदाज येतो. सांड्याचं बीळ तिरकं, चपट्या तोंडाचं असतं आणि तो संध्याकाळी ते स्वतःच आतून बुजवतो. ते या मोजणीत धरू नका. परवानगीत पिंजरे लावायची मुभा असेल तर पकडून-सोडून मोजणं केव्हाही चांगलं.

किड्यांसाठी जमिनीत पेले पुरून ठेवा आणि रोज रिकामे करा. चिंकारा, नीलगाय, ससे यांच्यासाठी ठरलेल्या रेषेवर चालत, अंतर नोंदवत मोजणी. बोरांसाठी ठरलेली झुडपं आणि त्यांवरची फळं. मेंढ्या-बकऱ्यांचा आकडा गावात मिळतो, पण रात्री त्या काटेरी बाड्यात असतात की उघड्यावर, हे विचारा. बाड्यातल्या शंभर बकऱ्या शिकाऱ्याच्या दृष्टीने माळावर नाहीतच.

भक्ष्याची यादी जुन्या पुस्तकातून उचलू नका. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशाच्या संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी थरच्या उंदीरवर्गीय प्राण्यांवर दीर्घकाळ काम केलं. पण त्या काळातला थर आणि इंदिरा गांधी कालव्याने भिजलेला आजचा थर एक नाही. पाणी आलेल्या भागात कोरड्या वाळूचे उंदीर मागे पडून ओल्या शेतांना सरावलेल्या जाती पुढे आल्या आहेत. कालव्याच्या दोन्ही अंगांची मोजणी वेगळी करा.

पायरी ९: निवड काढा

जेकब्स निर्देशांक पुरेसा आहे. आहारातलं प्रमाण ‘आ’, उपलब्धतेतलं ‘उ’ धरा:

निवड = (आ − उ) ÷ (आ + उ − २ × आ × उ)

उत्तर −१ ते +१ मध्ये येतं. शून्य म्हणजे जितकं होतं तितकंच खाल्लं.

समजा खोकडाने खाल्लेल्या जर्बिलांत वाळवंटी जर्बिल ०.८ आहे. माळावर त्याचं प्रमाण ०.५ असेल तर निर्देशांक +०.६, उघड निवड. माळावरही ०.८ असेल तर शून्य. आणि ०.९ असेल तर सुमारे −०.३८, म्हणजे टाळलंच म्हणायचं. विष्ठा त्याच, तक्ता तोच, निष्कर्ष तीन. म्हणून आठव्या पायरीतला आळस नवव्या पायरीत महागात पडतो.

तुलना सारख्याला सारखीशीच करा. उंदरांत उंदीर, मोठ्या खुरवाल्यांत खुरवाले. चौरस मीटरमागचे भुंगे आणि चौरस किलोमीटरमागचे चिंकारे एका हिशेबात घालून निघालेला आकडा कशाचाच नसतो. राजस्थानातल्याच सरिस्काच्या कोरड्या जंगलात शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी बाऊल (एक रानमांजर), कॅराकल आणि कोल्हा यांच्या आहारात उंदीरवर्गीयांचं महत्त्व दाखवलं. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तीन वेगवेगळे शिकारी एकाच भक्ष्यवर्गावर टेकलेले दिसले की त्यांच्यात चुरस आहे असं लगेच म्हणावंसं वाटतं. ते म्हणण्याआधी ते भक्ष्य कमी पडतंय का, ते बघा.

विष्ठा जे सांगत नाही

शिकार केली की मेलेलं खाल्लं, हे केसांवरून कळत नाही. बिकानेरजवळच्या जोडबीडसारख्या, मेलेली गुरं आणि उंट टाकायच्या जागेच्या आसपासचे नमुने वेगळ्या गटात ठेवा. नमुन्यात मांसावर बसणाऱ्या माश्यांच्या कोषांची टरफलं निघाली तर कुजलेलं मांस खाल्ल्याचा संशय घ्यायला जागा आहे. अंडी तर जवळपास मागमूस ठेवत नाहीत. माळढोकाची अंडी कोण खातं हा जैसलमेरात फार नाजूक प्रश्न आहे. त्यात विष्ठेच्या तक्त्यावरून खोकडाला दोषीही ठरवता येत नाही आणि निर्दोषही. तिथे कॅमेरा लागतो.

पशुपालकाची बकरी मेली आणि लांडग्यावर आळ आला तर शव ताजं असतानाच बघा, वनरक्षक सोबत घेऊन. गळ्यावर दातांच्या खुणा आणि कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना धरलं गेलं. खुणा आहेत पण रक्त साकळलेलं नाही, तर मेल्यावर कुणीतरी खाल्लं. धरलं असेल तरी ते कुत्र्याने की लांडग्याने, हे ठशांवरून बघायचं. ही नोंद विष्ठेच्या तक्त्याशेजारी ठेवा, त्यात मिसळू नका.

हीच रीत सोलापूरच्या नान्नजच्या किंवा कर्जतजवळच्या रेहेकुरीच्या माळावर चालेल, थोडे फेरफार करून. ते वाळवंट नव्हे, कोरडवाहू गवताळ माळ आहे. तिथे लांडग्याच्या उपलब्धतेच्या यादीत काळवीट आणि ससे यांच्याबरोबर धनगरांच्या मेंढ्या येतील, आणि वाडा (मेंढ्यांचा तळ) कुठे बसलाय त्याप्रमाणे त्यांचा आकडा बदलत राहील, म्हणून तो दर महिन्याला नव्याने घ्या. पोल्ट्रीचा कचरा उघड्यावर टाकला जात असेल तर त्याचीही जागा नकाशावर मांडा. कोंबडीची पिसं विष्ठेत सापडली की ती ‘पक्षी’ या रकान्यात घालायची चूक अगदी सहज होते. तित्तिर-लाव्यांच्या पिसांशी ताडून पाहिल्याशिवाय तो रकाना भरू नका.